नाव न छापण्याच्या अटीवर: पत्रकार आणि गुप्त सूत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातमीदारी आणि डेस्क मिळून माझी पंचवीस वर्षं या कामात गेली. नव्या सहकाऱ्यांनी, वाचकांनी आणि 'माझ्याकडे काही कागद आहेत' म्हणून दबक्या आवाजात फोन करणाऱ्यांनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. समन्स हातात पडलं असेल तर आधी वकील गाठा.

'सूत्रांनी सांगितलं' म्हणजे नेमकं कोणी सांगितलं?

ज्याच्याकडे माहिती आहे, पण नाव छापलं तर ज्याची नोकरी, सुरक्षितता किंवा जीव धोक्यात येईल अशा माणसाने. तो कार्यालयातला कारकून असेल, कंपनीचा हिशेबनीस असेल, रुग्णालयातली परिचारिका असेल. निदान असं असायला हवं. प्रत्यक्षात हा शब्द फार सैल वापरला जातो. पक्षाच्या प्रवक्त्याने फोनवर सोडलेली पुडीही 'सूत्रांच्या हवाल्याने' छापून येते. त्या प्रवक्त्याला कसली भीती? उद्या हात झटकता यावेत एवढीच त्याची गरज असते. असं संरक्षण मी देत नाही आणि नव्या मुलांनाही देऊ नका म्हणून सांगते. जो माणूस खरोखर घरदार पणाला लावून बोलतो, त्याच्या बोलण्यावर वाचकाचा विश्वास बसायला हवा असेल, तर हा शब्द जपूनच वापरला पाहिजे.

सूत्राला पैसे देतात का?

नाही. पैसे दिले की माहिती हा माल होतो आणि गिऱ्हाईक बघून माल तयार व्हायला लागतो. पोलिसांचा खबऱ्या आणि पत्रकाराचं सूत्र यांत हा मूळ फरक आहे.

सूत्राचं नाव कोणाकोणाला माहीत असतं?

बातमीदाराला आणि किमान एका संपादकाला. डेस्कवर कॉपी तपासणाऱ्याला, मुद्रितशोधकाला, पान लावणाऱ्याला ते कळायचं कारण नाही. संपादकाला कळल्यावर त्याच्यावरही तेच बंधन येतं, आणि ही गोष्ट सूत्राला आधीच सांगून ठेवायची: 'तुमचं नाव मी आणि माझा संपादक, दोघांनाच माहीत राहील.' काही जण त्यालाही नकार देतात. मग ती बातमी सोडायची की दुसऱ्या मार्गाने मिळवायची, ते ठरवावं लागतं.

संपादकाने नाव विचारलंच पाहिजे, हा धडा 'वॉशिंग्टन पोस्ट'ला फार महागात पडून मिळाला. १९८० मध्ये जॅनेट कुक या तिथल्या बातमीदार महिलेने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलाची ओळख सांगितली तर आपल्या जिवाला धोका आहे, असं तिने सांगितलं आणि वरिष्ठांनी नाव मागण्याचा आग्रह धरला नाही. एप्रिल १९८१ मध्ये त्या लेखाला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि दोनच दिवसांत तो परत करावा लागला, कारण असा मुलगाच अस्तित्वात नव्हता. त्या वेळी शहर विभागाची जबाबदारी होती बॉब वुडवर्ड यांच्याकडे. ज्यांनी स्वतः वॉटरगेट प्रकरणातल्या, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या बातम्यांतल्या सूत्राचं नाव प्राणपणाने जपलं, त्यांच्याच विभागात हे घडलं. एका खऱ्या सूत्रामुळे मिळालेला भरवसा दुसऱ्या, खोट्या सूत्राला आयता मिळून गेला होता.

पत्रकारालाच सूत्र कोण आहे हे माहीत नसेल तर?

असंही होतं. परदेशी कंपन्यांत दडवलेल्या पैशांबद्दलच्या, २०१६ मध्ये जगभर गाजलेल्या 'पनामा पेपर्स'ची १ कोटी १५ लाख कागदपत्रं 'जॉन डो' या टोपणनावाने वावरणाऱ्या व्यक्तीने जर्मनीतल्या 'झ्युडडॉयचे त्सायटुंग'चे बास्टियान ओबरमायर यांना दिली. ही व्यक्ती कोण, हे ओबरमायर यांनाही ठाऊक नव्हतं. अशा वेळी माणसावर विसंबून चालत नाही, सगळा भार कागदावर येतो. त्यांनी ते कागद सरकारी नोंदी, न्यायालयीन कागदपत्रं आणि आधी मिळालेली माहिती यांच्याशी ताडून पाहिले. शंभराहून अधिक माध्यमसंस्थांचे पत्रकार कित्येक महिने तेच करत होते.

नाव लपवून बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायचाच कशाला?

विश्वास ठेवू नकाच. तपासा. आपल्याकडच्या पत्रकारितेत याचं उदाहरण अगदी सुरुवातीच्या काळातलं आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दलची काही पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'कडे आली. त्यांत संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप होते. पत्रांच्या भरवशावर मजकूर छापला गेला, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतूबद्दल कोणाला शंका नव्हती. कागद खोटे होते, एवढीच अडचण होती, आणि तेवढी पुरेशी ठरली.

म्हणून नाव न सांगणाऱ्या माणसाची माहिती नाव सांगणाऱ्याच्या माहितीपेक्षा जास्त कसून तपासायची असते. याला हे कसं कळलं? खोलीत हा स्वतः होता, की बाहेर उभ्या असलेल्याने याला सांगितलं? बातमी आली तर याचा काय फायदा? सूत्राचा स्वार्थ असणं हा काही गुन्हा नव्हे. बढती हुकलेला माणूसही खरी माहिती देतो, किंबहुना तोच बऱ्याचदा देतो. पण तो स्वार्थ बातमीदाराला ठाऊक असला पाहिजे. 'असोसिएटेड प्रेस'चा नियम मला पटतो: निनावी सूत्राकडून माहिती घ्यायची, मतं घ्यायची नाहीत, ती माहिती दुसरीकडून मिळण्यासारखी नसावी, आणि देणारा ती ठाऊक असण्याच्या जागी असावा. नाव लपवून कोणाची निंदा करायची असेल, तर माझ्या पानात त्याला जागा नाही.

'ऑफ द रेकॉर्ड' आणि 'बॅकग्राउंड' यांत फरक काय?

कागदोपत्री असा. 'ऑन रेकॉर्ड' म्हणजे नावासकट सगळं छापता येतं. 'बॅकग्राउंड' म्हणजे माहिती छापता येते, पण नावाऐवजी 'खात्यातील एक अधिकारी' असं काहीतरी लिहायचं. 'डीप बॅकग्राउंड' म्हणजे माहिती वापरा, पण ती कोणाकडून आली याचा मागमूसही नको. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे छापायचंच नाही. फार तर त्या धाग्यावरून दुसरीकडे शोध घ्यायचा.

आता व्यवहार. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे भेद माहीत नसतात. 'ऑफ द रेकॉर्ड सांगतो' म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना 'छापा, पण माझं नाव नको' एवढंच म्हणायचं असतं. दहाव्याला खरंच काहीही छापून यायला नको असतं. म्हणून पारिभाषिक शब्दांवर न जाता साध्या मराठीत विचारा: 'हे मी छापू का? छापलं तर तुमच्याबद्दल काय लिहू? तुम्हाला कोणत्या शब्दांची भीती वाटते?' आणि उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवा. नाव मात्र त्या वहीत नको.

सगळं बोलून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड बरं का' म्हटलं तर?

रूढ नियमाप्रमाणे अट आधी घालायची असते, दोघांनी मान्य करायची असते. मंत्री, मोठा अधिकारी, कंपनीचा प्रमुख यांना हा नियम चांगला ठाऊक असतो, त्यांना मी सूट देत नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा पत्रकाराशी बोलणारी बाई घाबरून मागाहून म्हणाली, 'ताई, माझं नाव येऊ देऊ नका', तर तिला नियम ऐकवण्यात काय अर्थ आहे? नाव गाळायचं.

न्यायालयाने नाव विचारलं तर सांगावं लागतं का?

देश बघून उत्तर बदलतं, आणि भारतातलं उत्तर फारसं दिलासा देणारं नाही.

प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार कौन्सिलपुढच्या कामकाजात पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायला भाग पाडता येत नाही. पण हे फक्त कौन्सिलपुढे. न्यायालयात किंवा पोलिसांपुढे या कलमाचा आधार नाही. वकील आणि अशील, पती आणि पत्नी यांच्यातल्या बोलण्याला पुरावा कायद्यात संरक्षण आहे. पत्रकार आणि सूत्राला नाही. कायदा आयोगाने १९८३ च्या ९३व्या अहवालात तसं कलम घालण्याची शिफारस केली होती. ती तशीच पडून राहिली. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हे संरक्षण नाही.

न्यायालयांची भूमिका त्यामानाने उदार आहे. फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, सूत्रांना संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट आहे. ते नसेल तर लोकहिताची माहिती द्यायला कोणी पुढे येणार नाही. निकालपत्रातलं हे वाक्य मोलाचं आहे. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या बातमीदाराला हातात कलम लागतं, आणि ते आजही नाही.

अमेरिकेत जून १९७२ मध्ये एकीकडे वॉटरगेटची घरफोडी झाली आणि त्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रान्झबर्ग खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, सूत्राचं नाव दडवण्याचा घटनात्मक हक्क पत्रकाराला नाही. बहुतेक राज्यांनी पुढे आपापले संरक्षण देणारे कायदे केले, पण संघराज्याच्या पातळीवर असा कायदा झालेला नाही. २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ज्युडिथ मिलर ८५ दिवस तुरुंगात राहिल्या. ज्या विषयावर त्यांनी बातमी छापलीसुद्धा नव्हती, त्या विषयावरच्या बोलण्यासाठी. सूत्राने स्वतः त्यांना शब्दातून मोकळं केलं, तेव्हा त्या बाहेर आल्या.

युरोपात १९९६ चा गुडविन निकाल हा टप्पा मानतात. बिल गुडविन हा 'द इंजिनिअर' या नियतकालिकातला शिकाऊ पत्रकार. एका कंपनीच्या आर्थिक अडचणींची माहिती त्याला फोनवर मिळाली. नाव सांगायला त्याने नकार दिला, ब्रिटिश न्यायालयाने ५ हजार पौंड दंड केला. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला.

आणि स्वीडन. तिथे गंगा उलटी वाहते. सूत्राचं नाव फोडणाऱ्या पत्रकारालाच शिक्षा होऊ शकते, अगदी एक वर्षापर्यंत कैद. सरकारी कर्मचाऱ्याने माहिती दिली असेल तर ती कोणी दिली याचा शोध घ्यायलाही, काही अपवाद वगळता, सरकारी यंत्रणेला मनाई आहे. तिथे हा हक्क सूत्राचा आहे आणि पत्रकार त्याचा राखणदार. मला ही मांडणी सर्वांत योग्य वाटते. आपण 'पत्रकाराचा विशेषाधिकार' म्हणतो तिथेच गडबड होते, ऐकणाऱ्याला वाटतं की पत्रकार स्वतःसाठी काही मागतोय.

पत्रकाराने शब्द मोडला तर सूत्राला दाद मागता येते का?

अमेरिकेत एकाने मागितली. १९८२ मध्ये मिनेसोटातल्या निवडणुकीच्या धामधुमीत डॅन कोहेन या प्रचार सल्लागाराने नाव गुप्त ठेवण्याच्या बोलीवर विरोधी उमेदवाराचे जुने न्यायालयीन कागद दिले. बातमीदारांनी शब्द दिला होता. दोन वृत्तपत्रांच्या संपादकांनी तो मोडून नाव छापलं, कारण त्यांच्या मते हा प्रचारी डाव वाचकांना कळायला हवा होता. कोहेन यांची नोकरी त्याच दिवशी गेली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे २ लाख डॉलरची भरपाई कायम झाली.

संपादकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, तो प्रचारी डावच होता. पण मग तो शब्द देण्याआधी ओळखायचा. बातमीदाराने दिलेला शब्द संपादकाने मोडायचा असेल, तर उद्यापासून त्या वृत्तपत्राच्या कुठल्याच बातमीदाराच्या शब्दाला किंमत राहत नाही.

नाव छापलं नाही, तरी माणूस ओळखला कसा जातो?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो. न्यायालयात नाव सांगण्याची वेळ शंभरातल्या एखाद्यावर येते. बाकीची सूत्रं बातमीच्या कॉपीतूनच उघडी पडतात.

माझ्या चौथ्या वर्षातली गोष्ट. एका कार्यालयातल्या खरेदीच्या टिपणीची झेरॉक्स मला मिळाली. आम्ही सह्या झाकल्या, जावक क्रमांक झाकला, शिक्का झाकला आणि कागदाचा फोटो बातमीसोबत छापला. उजव्या समासात तिसऱ्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलची एक बारीक टिक होती. शेपूट लांब ओढलेलं, खाली ठिपका. झेरॉक्समध्ये ती जेमतेम करडी दिसत होती, मला तो डागच वाटला. त्या कार्यालयात टिपणी वाचताना अशी खूण करणारा एकच माणूस होता आणि ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी त्याला साहेबांचं बोलावणं आलं, पुढच्या आठवड्यात बदलीचा हुकूम निघाला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त माझा फोन उचलणं बंद केलं. तो फोटो मी निवडला होता.

तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या कागदाचा फोटो छापला जात नाही. मजकूर नव्याने टाइप होतो. आणि सूत्राला मी पहिल्याच भेटीत विचारते, 'हा कागद तुमच्याशिवाय किती जणांच्या हातात गेलाय?' आकडा चार असेल तर बातमी थांबते. दुसऱ्या कुठून तरी तोच कागद, किंवा तीच माहिती मिळेपर्यंत.

२०१७ मधल्या रिअ‍ॅलिटी विनर प्रकरणात मोठ्या माध्यमसंस्थेकडून हेच घडलं. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी कंत्राटी काम करणाऱ्या या तरुणीने मतदान यंत्रणेवरच्या रशियन हल्ल्याचा अहवाल 'द इंटरसेप्ट'ला टपालाने पाठवला. तो खरा आहे का हे तपासण्यासाठी पत्रकारांनी त्याची प्रत सरकारी यंत्रणेलाच दाखवली. कागदावर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे कोणीतरी तो छापून बाहेर नेला होता. तो अहवाल कोणी कोणी छापला याची नोंद पाहिली, सहा नावं निघाली. सहांपैकी एकीच्या संगणकावरून त्या माध्यमसंस्थेला ईमेल गेलेली सापडली, तीही भलत्याच विषयावर. बातमी छापून यायच्या आधीच तिला अटक झाली. प्रसिद्ध झालेल्या पानांवर तर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपकेही होते. अनेक रंगीत प्रिंटर असे ठिपके छापतात, त्यांत तारीख, वेळ आणि प्रिंटरचा क्रमांक दडलेला असतो. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली.

ब्रिटनमधले शास्त्रज्ञ डेव्हिड केली यांचं २००३ मध्ये वेगळ्या रीतीने झालं. इराकच्या शस्त्रांबद्दलच्या बीबीसीच्या बातमीचं सूत्र ते होते. बातमीनंतर संरक्षण खात्याने नाव न घेता जाहीर केलं की, आमच्या एका कर्मचाऱ्याने पत्रकाराला भेटल्याचं कबूल केलंय. सोबत थोडं वर्णनही पुरवलं. पत्रकारांनी बरोबर नाव घेतलं तर खातं दुजोरा देणार होतं. मग अंदाजांची यादी सुरू झाली आणि नाव बाहेर आलं. त्यानंतर दहा दिवसांच्या आत केली यांचा मृत्यू झाला. नाव शोधून काढण्याच्या चढाओढीत पत्रकारच होते, हे मला कधी विसरता आलेलं नाही.

मराठीत लिहिताना वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो, आणि याकडे डेस्कचं हमखास दुर्लक्ष होतं. आपलं क्रियापद लिंग सांगतं. 'एक वरिष्ठ अधिकारी म्हणाल्या' असं लिहिलं की दहा अधिकाऱ्यांतल्या दोनच उरतात. 'म्हणाला'च्या जागी 'सांगितलं' वापरलं की सुटका होते: 'अधिकाऱ्याने सांगितलं' यात बाई की पुरुष ते कळत नाही. बाईला मुद्दाम 'म्हणाला' लिहिणं मात्र वाचकाशी खोटं बोलणं आहे, ते करू नये. वाक्य फिरवता येतं.

दुसरं, लकब. अवतरण चिन्हांत घातलेलं एखादं 'तसं बघायला गेलं तर' कार्यालयात मोठ्याने वाचलं, की कोणाचं वाक्य आहे ते शेजारच्या टेबलाला कळतं. बोली, म्हणी, आवडते इंग्रजी शब्द, सगळं ओळख सांगतं. गुप्त सूत्राचं बोलणं शक्यतो अवतरणात घालूच नये.

तिसरी सवय तर सरळ चुकीची आहे. माहिती देणारा एकच असतो आणि आपण लिहितो 'सूत्रांनी सांगितलं'. अनेकवचनाने वाचकाला वाटतं तीन-चार जणांनी दुजोरा दिलाय. एकाने सांगितलं असेल तर 'एका अधिकाऱ्याने' लिहा.

सिग्नल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर बोललं तर सुरक्षित असतं ना?

मजकूर बऱ्यापैकी सुरक्षित असतो. पण कोण, कोणाशी, केव्हा, किती वेळा बोललं याचाही माग असतो, आणि सूत्र शोधणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढाच पुरतो. बातमीच्या आदल्या रात्री एका कर्मचाऱ्याने बातमीदाराला अकरा मिनिटं फोन केला होता, एवढं कॉल रेकॉर्डमध्ये दिसलं की आत काय बोलणं झालं याची गरज उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश वाटेत वाचता येत नसले तरी बॅकअपची सोय चालू असेल तर प्रत दुसरीकडे पडून असते. सिग्नलकडे २०१६ मध्ये अमेरिकी ग्रँड ज्युरीने माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं या दोन तारखांपलीकडे त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. म्हणून मी सिग्नल वापरते, संदेश आपोआप पुसले जातील अशी मुदत लावते. तरी नाजूक बोलणं समोरासमोर, आणि भेटीला जाताना फोन घरी. खिशात फोन घेऊन दोघे एका बाकावर बसलात तर टॉवरच्या नोंदी तुमची भेट सांगतात.

फोटोची वेगळीच गंमत नाही, धोका आहे. २०१२ मध्ये फरारी असलेले उद्योजक जॉन मॅकॅफी यांचा फोटो एका नियतकालिकाने जसाच्या तसा चढवला आणि फाइलमध्ये दडलेल्या नोंदीतून ते ग्वाटेमालात नेमके कुठे आहेत ते उघड झालं.

मोठ्या फाइलींसाठी 'सिक्युअरड्रॉप' ही प्रणाली अनेक वृत्तसंस्था वापरतात. अ‍ॅरन स्वार्ट्झ आणि केविन पोल्सन यांनी ती सुरू केली. पाठवणारा टॉर या, वापरणाऱ्याचा ठावठिकाणा लपवणाऱ्या ब्राउझरमधून फाइल सोडतो आणि तो कोण हे घेणाऱ्यालाही कळत नाही.

पोलिसांनी फोन किंवा लॅपटॉप जप्त केला तर?

मग एका बातमीचं सूत्र शोधताना तुमची सगळी सूत्रं उघडी पडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चिंता बोलून दाखवली आणि पत्रकारांची उपकरणं जप्त करण्याबाबत केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली. तोवर उपाय एकच: जे उपकरणात नाही ते जप्त होत नाही. काम झालं की नोंदी ठेवू नका. मात्र समन्स किंवा नोटीस आल्यावर काही पुसायला जाऊ नका, तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होतो. साफसफाई ही रोजची सवय असते, धाड पडल्यावरची धावपळ नव्हे.

मला माहिती द्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

कार्यालयाच्या संगणकावरून, कार्यालयाच्या फोनवरून, कार्यालयाच्या वायफायवरून काहीही करू नका. पत्रकाराचं नाव शोधणंसुद्धा नाही. ज्या कागदाला तुमच्या कामाच्या निमित्ताने हात लागायचं कारण नव्हतं, तो मुद्दाम उघडू नका, तशी नोंद राहते. घरी कोणाला सांगायचं ते आधी ठरवा. बरीच नावं मित्रांच्या गप्पांतून फुटतात. पत्रकाराला भेटलात की कागद देण्याआधी अट बोला. त्याने विचार न करता 'काळजी करू नका, काही होणार नाही' म्हटलं, तर उठून या. काय होऊ शकतं हे जो तुम्हाला समोर बसवून सांगतो, त्याच्याशी बोला.

आणि बातमी आल्यावर नेहमीसारखे वागा. त्या दिवशी रजा घेऊ नका.

सूत्राने जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर नाव उघड करता येतं का?

यावर पत्रकारांत एकमत नाही. ठरवून फसवणाऱ्याने करार आधीच मोडलेला असतो, असं अनेक संपादक मानतात आणि मलाही ते पटतं. पण ही अट मी सुरुवातीलाच सांगते: 'तुम्ही मला ठरवून फसवलंत, तर माझा शब्द संपला.' आधी न सांगता मागाहून हा नियम काढणं न्यायाचं नाही. आणि चुकीची माहिती म्हणजे खोटी माहिती नव्हे. माणूस चुकला असेल तर नाव झाकलेलंच राहतं, दुरुस्ती आपण आपल्या नावाने छापायची.

हा शब्द किती काळ पाळायचा? सूत्र मरण पावलं तर?

बोफोर्स प्रकरणातले कागद पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांना देणारे स्वीडनचे पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम २०१२ मध्ये स्वतःहून पुढे आले. मधली २५ वर्षं नाव फुटलं नाही. वॉटरगेटमधलं सूत्र, एफबीआयचे तेव्हाचे क्रमांक दोनचे अधिकारी मार्क फेल्ट, ३१ मे २००५ रोजी कुटुंबाच्या वकिलाने लिहिलेल्या लेखातून जगासमोर आले. निक्सन यांच्या राजीनाम्याला तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती. फेल्ट ९१ वर्षांचे होते, स्मरणशक्ती दगा देत होती. लेख प्रसिद्ध झाल्यावरही लगेच दुजोरा द्यावा का, अशी चलबिचल वुडवर्ड यांच्या मनात होती. हा माणूस खरंच स्वखुशीने, समजून उमजून मला मोकळं करतोय का? 'पोस्ट'ने त्याच दिवशी दुजोरा दिला. पण तो प्रश्न मला दुजोऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

मृत्यूने शब्द आपोआप संपत नाही. मागे बायको-मुलं असतात, त्याच कार्यालयात काम करणारा भाऊ असतो. म्हणून पहिल्या भेटीत, अटी ठरवताना, अवघड वाटलं तरी हेही विचारून घ्यायचं: 'तुमच्या पश्चात नाव सांगितलं तर चालेल का? ते कोणाला विचारू?' बहुतेक जण थोडा वेळ गप्प बसतात. मग एखादं नाव सांगतात, किंवा नको म्हणतात. जे सांगतील ते.